कपाटातले सहा कप

"मायाबद्दल जे बोलायचं ते माझ्याफुडं बोल. चुलीपाशी बोल, भांडून बोल. पर उंबऱ्याभाईर नगं. गावाला आपल्यातलंच एक तोंड पायजे असतं, सीमा. ते घावलं की त्यास्नी सोताचं उघडावं लागत न्हाई."

चांगुणाबाईंनी धाकट्या सुनेला हे बजावलं त्याला अडीच वर्षं झाली. थोरली सून माया त्या दिवशी चिंचमळ्याची सरपंच झाली होती, अंगण निळ्या गुलालानं भरलं होतं आणि सीमा कोपऱ्यात उभी राहून पेढ्यांचे पुडे सोडत होती. "बरं आत्या," ती म्हणाली आणि विसरून गेली. शिरूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली पोरगी ती. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर तिनं पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलेलं. सासूचं बोलणं तिला जुन्या माणसाची जुनी भीती वाटली. लोकशाहीत पुढाऱ्यावर टीका नाही करायची तर काय आरती करायची?

आज रविवारी कारेगावहून निघाली तेव्हा तिच्या एका मांडीवर चौदा महिन्यांची लेक मैत्री होती आणि दुसरीवर ते वाक्य. शिरूरला एसटी बदलली, न्हावरा गेलं, भीमेचा पूल गेला, चौफुला आला, तरी ते उतरेना. उद्या मायाविरुद्ध अविश्वास ठराव होता. नऊ सदस्यांपैकी सातांनी तहसीलदाराकडे नोटीस दिली होती. म्हणून सासऱ्यांनी, मच्छिंद्र आबांनी, सगळ्या घराला बोलावून घेतलं होतं. तिच्या नवऱ्याला, नवनाथला, कंपनीत सुट्टी मिळाली नाही. "तू जा, तुझंच डोकं चालतं असल्या कामात," तो म्हणाला. बिचाऱ्याला माहीतच नव्हतं तिचं डोकं किती चाललं होतं ते. तिच्या पर्समध्ये मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये एक्केचाळीस सेकंद होते.

त्या एक्केचाळीस सेकंदांचं मूळ जुनं होतं. सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेला राखीव निघालं तेव्हा घरात पहिलं नाव सीमाचंच आलं होतं. पण तिचं मतदार यादीतलं नाव अजून माहेरी, शिरूरला. ते हलवायचा फॉर्म तिनं भरला, नवनाथकडे दिला, आणि तो मोटरसायकलच्या डिकीत ग्रीसच्या फडक्याखाली दोन महिने पडून राहिला. मुदत टळली. दहावीला दोनदा गणितात आपटलेली माया उभी राहिली आणि निवडून आली. भाषणं सीमानं लिहायची, टाळ्या मायाला पडायच्या. त्यातही सीमानं जिथं 'सर्वसमावेशक विकास' लिहिलेलं असे, तिथं माया अडखळून "सगळ्यांचं समदं" म्हणायची, आणि लोक नेमक्या त्याच जागी टाळ्या वाजवायचे. हे सीमाला फार लागायचं. मायाच्या पर्समधला तो गोल शिक्का, जांभळ्या शाईचा, कधी स्वयंपाकघरात ओट्यावर राहिला तर सीमा तो उचलून ठेवायची आणि उचलताना एकदा बोटावर दाबून बघायची. शाई दोन दिवस जायची नाही.

मग सव्वीस जानेवारी आली. ध्वजारोहणाला दोरीची गाठ सुटेना. माया ओढतेय, शिपाई ओढतोय, झेंडा खांबाच्या टोकाला पुरचुंडीसारखा अडकलेला. पाच मिनिटांनी सुटला, राष्ट्रगीत झालं. पण गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढचे नऊ दिवस तोच झेंडा फडकत होता. 'साधी गाठ सुटंना, गाव काय सांभाळणार?' 'राखीव खुर्चीवर राखीव अक्कल.' मायाचा नवरा जालिंदर ग्रुपवर चिडून लिहायचा, 'ही टीका नाही, ही जात बोलतेय.' तेव्हा करिश्मानं सीमाला मेसेज केला, 'खरंच जातीमुळं का गं?' करिश्मा कॉलेजात तिच्याच बाकावर बसायची, आता उपसरपंच पोपटरावांची सून होती. सीमा मैत्रीला अंघोळ घालत होती. ओल्या अंगठ्यानं तिनं माइक दाबला आणि बोलली. एक्केचाळीस सेकंद. बोलून झाल्यावर दातात अडकलेला कण निघावा तसं हलकं वाटलं होतं तिला.

---

बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि सगळे ओसरीवर बसले. मैत्री फरशीवर चमचा आपटत होती.

"मी अजून बी तेच म्हंतो," जालिंदर म्हणाला. "ह्यात जातीबिगर दुसरं काय न्हाई."

"मागल्या म्हैन्यात चार दिस नळाला पाणी न्हवतं," आबा म्हणाले. "ती बी जात व्हती का?"

"मोटर जळली, आबा!"

"मोटर जळली, ते खरं. पर दुरुस्तीच्या कागदावर सही कराया तुझ्या बायकूनं तीन दिस घेतलं, ते बी खरं."

माया भिंतीला टेकून बसली होती. निवडणुकीत घेतलेली जांभळी साडी आता घरात नेसायला काढलेली. "वाचून सही करती मी, आबा," ती म्हणाली. "समजल्याबिगर करत न्हाई. सीमाला दोन फोन लावलं व्हतं. पोर झोपली हुती तिची."

सीमानं मैत्रीच्या हातातला चमचा काढून घेतला. मग परत दिला. त्या दिवशी मैत्री झोपलेली नव्हती. टीव्हीपुढं टाळ्या पिटत होती. आणि सीमा वाजणाऱ्या फोनवरचं 'मायाताई सरपंच' हे नाव वाचत बसली होती. सरपंच हा शब्द तिनंच सेव्ह केला होता, आणि तोच तिला डसत होता.

आबा दौंडला रेल्वेत गँगमन होते, रुळांच्या कामावर एकतीस वर्षं. बोलायच्या आधी एक थांबा घ्यायची त्यांना सवय, गाडी गेल्याची खात्री केल्यासारखी. "मुकादम माझ्यावर वरडायचा," ते म्हणाले. "कदी खिळा खरंच ढिला असायचा. कदी ढिला काय बी नसायचं, नुसता म्याच असायचो. आवाज दोन्ही टायमाला सारखाच. आतनं कुठला हाय ते एकतीस वरसांत मला वळखू आलं न्हाई."

"मग करायचं काय?" जालिंदर म्हणाला.

"खिळा ठोकायचा. दुसरं काय हातात व्हतं?"

तेवढ्यात अंगणात पांढरी गाडी थांबली आणि पोपटराव उतरले. ठरावाच्या नोटिशीवर पहिली सही त्यांचीच होती.

"मच्छिंद्र, बरा हायेस का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

आबा बहात्तर वर्षांचे, पोपटराव पन्नाशीचे. सीमा या घरात पाच वर्षं हे ऐकत होती. आज पहिल्यांदा तिच्या कानाला ते खटकलं.

पोपटराव खुर्चीवर बसले. चांगुणाबाईंनी पाणी पुढं केलं, चहा टाकायला उठल्या.

"आत्ताच झाला वयनी, कायबी करू नका. मी दोन मिंटांचा माणूस." त्यांनी हात जोडले. "सरपंच, मी भांडाया आलो न्हाई. उद्या तहसीलदारासमोर शोभा कशाला? तब्येतीचं कारण लिवा, राजीनामा द्या. तुमचं बी नाव राहील, आमचं बी. घराचा सत्कार करू आपण, शाल-नारळ देऊन."

"शाल कशाला, सरळ म्हणा की खुर्ची पायजे. आमची जातच आडवी आलीया तुमास्नी," जालिंदर उसळला.

"हे बघा! हेच मला आवडत न्हाई." पोपटराव दुखावल्यासारखे झाले, आणि ते दुखणं अगदीच खोटंही नव्हतं. "मी कवा जात काढली का? काम जमंना म्हणलं की तुम्ही जात पुढं करता. आन् हे मी म्हणत न्हाई. तुमच्याच घरातलं शिकलेलं माणूस म्हंतंय. थांबा, ऐकवतो."

सीमाला त्यांचा अंगठा दिसला. मोबाइलवर वर, आणखी वर सरकणारा. उठून आत जावं असं पायांना वाटलं, पण पाय तिथंच राहिले.

'अगं जातीचं काही नाही त्यात,' मोबाइल बोलू लागला. मागं पाण्याचा आवाज, बादलीचा आवाज. 'तिला येतच नाही, खरं सांगू का. दहावी नापास बाईला खुर्चीवर बसवलं की दुसरं काय होणार? उद्या माझ्या मैत्रीला बसवा, ती पण सोडेल गाठ. उगाच आमच्यातले जात पुढं करतात. लायकी नाही म्हटलं की झाली जात! मला तर लाजच वाटते…'

फरशीवरची मैत्री थांबली. तिनं मान वर केली, मोबाइलकडे बघितलं, मग सीमाकडे. तिचा चेहरा फुलला. ओळखीचा आवाज सापडल्याच्या आनंदात तिनं चमचा आईच्या दिशेनं रोखला. "आई!" ती म्हणाली. "आई! आई!"

कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

आबा अंगणाकडे बघत राहिले. जालिंदर सीमाकडे वळला, तोंड उघडलं, पण त्याच्या आधी माया बोलली.

"ठावं हाय मला ते."

पोपटरावांचा अंगठा थांबला.

"मला तोंडावर बोललीय ती. घरातली हाय, बोलणारच. तुम्ही एवढं सांगा पोपटराव, सोपानराव सरपंच व्हते तवा झेंडा खांबावरनं सुटून शाळेच्या पत्र्यावर जाऊन पडला हुता. तुम्हीच शिडी लावून काढला. आपण समदी हसलो, जिलेबी खाल्ली, घरी गेलो. त्या टायमाला कुणाच्या सुनंचा आवाज आणून ऐकवला व्हता सोपानरावांना?"

"तवा मोबाइल कुठं व्हते एवढे?" पोपटराव हसले. पण उठले.

"राजीनामा न्हाई देत. हात वर करून काढा मला. कुणाकुणाचा हात वर जातो ते मला बी बघायचंय."

गाडी गेली. चांगुणाबाईंनी खाली वाकून मैत्रीला उचललं. "पोर उपाशी हाय," एवढंच म्हणाल्या आणि सीमाकडे न बघता आत गेल्या. अडीच वर्षांपूर्वीचं वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर सीमाला बरं वाटलं असतं.

---

माया मागच्या दारी धुण्याच्या दगडावर बसली होती. सीमा तिच्यापासून चार हात अंतरावर उभी राहिली.

"मी तुम्हाला तोंडावर कधी बोलले, ताई?"

"न्हाई बोललीस."

"मग खोटं का सांगितलंत?"

"त्याच्याफुडं दुसरं काय सांगू?" माया पायाच्या अंगठ्यानं ओली माती कोरत होती. "करिश्मानं दुसऱ्याच दिशी ऐकवलं मला. पाण्याच्या टाकीपाशी थांबवून."

"आणि तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत?"

"इचारणार व्हते. तू फोन उचलत न्हवतीस."

सीमाला वाटलं, हिनं शिवी द्यावी. केस धरावेत. म्हणजे हिशोब फिटेल. पण माया नुसती बसून होती, आणि त्या बसण्याचासुद्धा सीमाला हेवा वाटला. इतक्या लाजेतही तो आलाच, मुंगीसारखा, कुठूनतरी फटीतून. मोठेपणातही ही पुढं निघाली.

"ताई, मी जळत होते तुमच्यावर."

"ठावं हाय. मी भाषण वाचायचे तवा म्होरल्या रांगेत तुझं ओठ हलायचं." माया पहिल्यांदा वर बघून हसली, आणि हसू लगेच विझलं. "मला यायचं न्हाई गं सुरवातीला, हे खरंच. ती मोटर, ते तीन दिस, ते बी माझंच. पर मी खुर्चीवर बसले त्याच्या दुसऱ्या दिशी हापिसात कागदी कप आले."

"कसले कप?"

"चहाचे. आधी चिनी मातीचे व्हते, निळ्या फुलांचे. सोपानरावांनी नव्या हापिसाच्या उद्घाटनाला आणल्याले. सदस्य, ग्रामसेवक, समदी त्यातनंच प्यायची. मी आले आन् शिपाई म्हणाला, फुटले. म्हणलं फुटले असतील. पंधरा दिसांनी जुनं दप्तर काढाया कपाट उघडलं, तर खालच्या फळीवर पेपरात गुंडाळून ठेवल्याले. सहाच्या सहा. एकाचा कान सुदीक तुटला न्हवता."

कुठंतरी कोंबडी ओरडली.

"कागदी कप काय, चांगलेच असत्यात," माया म्हणाली. "सोच्छ असत्यात. कुणी इचारलं तर त्यांचं उत्तर तयार हाय. म्हणून मी कुणाला इचारलं न्हाई. तुला सांगणार व्हते एकदा. पर तू काय म्हणली असतीस ते मोबाइलमधी ऐकलंच की मी. उगाच जात पुढं करती."

ती उठली, साडीचा मागचा ओलावा झटकला आणि आत गेली.

---

सोमवारी अकराला ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात गाव गोळा झालं होतं. सीमा मैत्रीला कडेवर घेऊन खिडकीशी उभी होती. आत टेबलामागं तहसीलदार, समोर नऊ सदस्य. सीमानं तहसीलदारांना विचारून बघितलं होतं, मला दोन शब्द बोलायचेत. "सदस्य आहात का?" नाही. "मग बाहेर थांबा."

म्हणून तिनं खिडकीतच उभं राहून गावाच्या ग्रुपवर लिहिलं. कारेगावला रात्रंदिवस शब्द जुळवणाऱ्या बाईला आज जुळवाजुळव सुचत नव्हती. 'तो आवाज माझा आहे. जातीचं काही नाही असं मी म्हणाले, कारण ती खुर्ची मला हवी होती. जात आहे की नाही हे मी बघितलंच नव्हतं. ऑफिसातलं कपाट उघडून बघा.' व्हरांड्यात इकडं तिकडं मोबाइल वाजले. माना खाली गेल्या. करिश्माचं एकटीचं उत्तर आलं. 'उशीर केलास.'

तेवढ्यात आतलं कपाट खरंच उघडलं. माया फळीपुढं उकिडवी बसली, पेपरचे बोळे बाजूला टाकले, सहा कप काढले, कोपऱ्यातल्या नळाखाली एकेक धुतला. शिपायानं आणलेली किटली घेतली आणि ओतू लागली. ट्रेमध्ये सहा कप आणि त्यांच्या शेजारी कागदी कपांची चळत, तीही मांडली.

"सभा सुरू करायच्या आधी चहा घ्या," ती म्हणाली. "ज्याला ज्यात आवडतो त्यात."

तहसीलदारांनी पहिला कप उचलला. त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते फोनवर बोलत होते. ट्रे पोपटरावांपुढं आला. "आत्ताच झाला," ते म्हणाले आणि छताकडे बघू लागले. पुढच्यानं पाणी मागितलं. आणखी दोघांनी कागदी कप ओढले. सविता, पाटील आळीतली सदस्य, तिचा हात निळ्या फुलांकडे गेला, तिनं दाराकडे बघितलं, दारात तिचा सासरा उभा होता. तिनं कागदी कप घेतला. ज्योतिबा, सगळ्यांत म्हातारा, बांधावरनं थेट आलेला, त्यानं चिनी कप उचलला, बशीत ओतला, फुर्र करून प्यायला आणि म्हणाला, "आरं, हे तर फुटलं व्हतं म्हणं!"

शिपायानं किटली उचलली आणि बाहेर निघून गेला.

मग हात मोजले. ठरावाच्या बाजूनं सात.

ज्यानं बशीतून फुर्र केलं त्या ज्योतिबाचाही हात वर होता. "मला कपाचं कायबी न्हाई, माये," तो म्हणाला. "पर चार दिस माझी जनावरं तान्हेली व्हती." आणि जिनं कागदी कप घेतला त्या सविताचा हात खाली होता, मांडीत घट्ट धरून ठेवलेला. दुसरा खाली राहिलेला हात मायाच्याच वस्तीतल्या सदस्याचा, तिसरा चिनी कप त्यानंच रिकामा केला होता. सीमा खिडकीतून सात हात परत परत बघत राहिली. कुठला खिळ्याचा, कुठला नुसता माणसाचा? पंधरा मार्कांच्या उत्तरात हे कुठंच नव्हतं.

मायानं कप गोळा केले. तीन अजून भरलेले होते. ते तिनं मोरीत ओतले, सहाही धुतले, पुसले, आणि परत पेपरात न गुंडाळता टेबलावर ओळीनं उपडे ठेवून घरी आली.

---

आता ग्रामसभा व्हायचीय. माया थेट गावाच्या मतांवर निवडून आलेली, म्हणून सदस्यांनी काढलं तरी अजून गावानं काढलेलं नाही. गाव मतपेटीत काय टाकतं त्यावर आहे, आणि तारीख यायचीय. तोवर माया घरातून बाहेर पडत नाही. जालिंदर म्हणतो, खाते कमी, बोलत नाही. चांगुणाबाई फोनवर म्हणतात, "हाय, बसलीया," आणि फोन ठेवतात. सीमा कारेगावहून रोज फोन लावते. नाव बदललंय आता, नुसतं 'ताई'. पूर्ण रिंग होते आणि थांबते. दोन रविवार ती मैत्रीला घेऊन जाऊन आली. मैत्रीसाठी दार उघडतं. सीमासाठी नाही.

म्हणून ती आता ज्याला त्याला सांगते, हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेच मागणं आहे. सोलापूर रस्त्यानं कधी जाणं झालं, तर चौफुला आणि भांडगावच्या मधे चिंचमळ्याचा फाटा आहे. पाच मिनिटं आत वळा. निळ्या फाटकाचं घर. सीमाचं नाव काढू नका. ठरावाचं, जातीचं, चुकीचं काही विचारू नका. मायाची तब्येत कशी आहे एवढं बघा, आणि ती चहा टाकायला उठली, तर आत्ताच झाला असं तेवढं म्हणू नका.